नांवावांचून ओळख

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हें गांव लागतें. आज तें वाशीम जिल्ह्यांत मोडतें. एकेकाळीं तें निजामानें इंग्रजांच्या हवालीं केलेल्या वऱ्हाड प्रांतांत होतें. या प्रांताची पहिली शिरगणती १८६७ सालीं झाली व तींत सुमारें २२ लक्ष माणसांची नोंद झाली. पुढें १७ फेब्रुवारी १८८१ रोजीं रात्रीं हिंदुस्थानांत सर्वत्र एकाच वेळीं गणती करण्यांत आली, आणि तेथून दर दहा वर्षांनीं ती करण्याचा प्रघात पडला. २०२१ सालचा नेम तेवढा चुकला.

शिरगणतीदार दारांत उभा राहिला म्हणजे घरांतील कर्त्या माणसाच्या मनांत पहिला विचार येई तो हा, कीं सरकारला हें सारें कशाला हवें? आज माणसें मोजतात, उद्यां डोईपट्टी बसवितील, अशी शंका देशांत ठिकठिकाणीं उठली होती. ही शंका अडाणीपणाची म्हणून हंसण्यावारीं नेणें सोपें आहे. परंतु तिच्या पोटीं एक रास्त गोष्ट होती. दिलेली माहिती घेणाऱ्याच्या हातून पुढें कोठें जाते, हें देणाऱ्यास दिसत नव्हतें. आणि लिहून घेणारा गांवांतलाच ओळखीचा माणूस असला, म्हणजे घरांतील विधवा, व्यंग असलेलें मूल, बुडालेला धंदा, हें सर्व शेजाऱ्याच्याच डोळ्यांखालून जाई.

स्वतंत्र भारतांत १९४८ सालीं जनगणनेचा कायदा झाला, त्यांत या शंकेचें उत्तर आहे. त्याच्या १५ व्या कलमान्वयें गणतीच्या वह्या कोणास पाहावयास मागण्याचा अधिकार नाहीं, आणि या कायद्याखालील खटला सोडल्यास त्यांतील मजकूर न्यायालयांत पुरावा म्हणूनही चालत नाहीं. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. म्हणजे वहीला कुलूप बसलें. परंतु वहीवरून तयार केलेले तक्ते छापावयाचेच असतात, नाहींतर मोजणी व्यर्थ. आतां समजा, एका लहानशा गांवाच्या तक्त्यांत ‘कासार, पुरुष, एक, विधुर, वय पन्नासाच्या पुढें’ एवढेंच छापलें. नांव कोठेंच नाहीं. तरी त्या गांवच्या पाणवठ्यावरील कोणतीही बाई तो कासार कोण हें क्षणांत सांगेल. नांव गाळलें म्हणजे माणूस झांकला, हा समज येथेंच डळमळतो. आणि हाच समज पुढें इंटरनेटच्या काळांत जगभर महागांत पडला.

शिरगणती दहा वर्षांतून एकदां दार ठोठावते. ब्राउझरची गोष्ट निराळी आहे. संगणकावर अथवा मोबाईलवर इंटरनेटचीं पानें उघडून दाखविणारी जी आज्ञावली, तिला ब्राउझर म्हणतात. भारतांत सर्वसामान्यांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाच्या मार्फत. आज खेड्यांतील माणूसही दिवसांतून अनेकदां ब्राउझर उघडतो, आणि कोणतें पान, किती वाजतां, किती वेळ, कोठून कोठें, हें टिपून ठेवणें त्या आज्ञावलीला अगदीं सोपें असतें. ही टिपणें एकत्र करून लोक इंटरनेट कसें वापरतात याचा अभ्यास करावा, ही कल्पना अभ्यासकांना व कंपन्यांना सुचली यांत नवल नाहीं. कोणती सोय लोकांना सांपडत नाहीं, खोट्या बातम्या कोणत्या वाटेनें पसरतात, हें कळण्यास दुसरा तितका चांगला मार्गही नाहीं. अडचण आहे ती त्या कासाराची.

त्या अडचणीचा पहिला मोठा अनुभव ऑगस्ट २००६ मध्यें आला. अमेरिकेंतील एओएल या कंपनीनें संशोधकांच्या उपयोगासाठीं म्हणून आपल्या सुमारें साडेसहा लक्ष ग्राहकांनीं तीन महिन्यांत केलेले सुमारें दोन कोटी शोध सर्वांस खुले केले. हेतु चांगला होता. नांवांच्या जागीं क्रमांक घातले होते. पण मनुष्य शोधतांना आपल्या गांवचा माळी शोधतो, आपल्या आडनांवाचे लोक शोधतो, आपलें दुखणें शोधतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनीं थोड्याच दिवसांत एका क्रमांकामागची वृद्ध स्त्री शोधून काढली व तिच्या घरीं जाऊन तिला भेटले. कंपनीनें माहिती मागें घेतली, क्षमा मागितली, एका वरिष्ठ अधिकाऱ्यास पद सोडावें लागलें. परंतु तोंवर त्या माहितीच्या प्रती जगभर पोंचल्या होत्या, आणि त्या परत आणण्याचा उपाय आजतागायत कोणास सांपडलेला नाहीं.

वास्तविक याची सूचना आधींच मिळालेली होती. लटानिया स्वीनी या विदुषीनें विद्यार्थिदशेंतच मॅसॅच्युसेट्स राज्यानें नांवें गाळून दिलेल्या रुग्णनोंदी आणि वीस डॉलरांना विकत मिळणारी मतदारयादी यांची जुळणी करून त्या राज्याच्या गव्हर्नराचीच नोंद ओळखून दाखविली होती. जन्मतारीख, लिंग व टपालाचा क्रमांक एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेंतील ८७ टक्के लोक एकमेकांपासून वेगळे पडतात, असा तिचा हिशेब होता.

ब्राउझरच्या नोंदींना हाच नियम किती लागू पडतो, हें २०१२ सालीं मोजण्यांत आलें. ओलेनिक, कास्तेलुशिया व यांक या तिघांनीं ३,६८,२८४ वापरकर्त्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकीं ६९ टक्के लोकांनीं पाहिलेल्या संकेतस्थळांची यादी दुसऱ्या कोणाच्याही यादीशीं जुळत नव्हती. आणि ज्यांचीं निदान चार संकेतस्थळें आढळलीं, त्यांच्यापुरतें पाहतां हें प्रमाण ९७ टक्क्यांवर गेलें.

चार म्हणजे किती थोडीं! अनसिंगच्या एखाद्या शेतकऱ्याची यादी डोळ्यांपुढें आणावी. वाशीमच्या बाजारसमितीचे सोयाबीनचे भाव. पुसदच्या एका शाळेचें पान. अकोल्याच्या एका रुग्णालयांतील मूत्रपिंडाच्या विकाराचा विभाग. आणि एका समाजाचें वधूवरसूचक मंडळ. यांत नांव नाहीं, गांव नाहीं. परंतु मुलगा पुसदला शिकतो, घरांत मूत्रपिंडाचा रोगी आहे आणि मुलीचें लग्न जुळवावयाचें आहे, असें अनसिंगमध्यें एकच घर असण्याचा संभव किती मोठा आहे! आणि यांतील एक गोष्ट अशी, कीं ती लग्नाच्या बैठकीपूर्वीं बाहेर फुटली तर त्या मुलीचें ठरत आलेलें लग्न मोडूं शकतें.

फायरफॉक्स ब्राउझर तयार करणाऱ्या मोझिला या संस्थेच्या संशोधकांनीं २०२० सालीं २०१२ चा प्रयोग पुन्हां केला. सुमारें ५२,००० वापरकर्त्यांनीं संमति देऊन दिलेल्या दोन आठवड्यांच्या नोंदी त्यांनीं घेतल्या. ४८,९१९ निरनिराळ्या याद्या निघाल्या व त्यांतील ९९ टक्के एकमेव ठरल्या. येथें एक चमत्कारिक पेंच आहे. माहिती गोळा करण्यांत धोका आहे हें सिद्ध करावयाचें, तर आधीं तीच माहिती गोळा करावी लागते. म्हणून पाहणी सुरू होण्यापूर्वींच तिची गोपनीयतेच्या दृष्टीनें तपासणी करण्याची पद्धत पडत गेली.

मोझिलाची पद्धत पाहण्याजोगी आहे, कारण ती चारचौघांसमोर चालते. २०१० च्या सुमारास तिच्या ‘टेस्ट पायलट’ नांवाच्या उपक्रमांत स्वेच्छेनें येणाऱ्यांच्या नोंदी आधीं त्यांच्याच संगणकावर राहत. त्या पाहून पाठवावयाच्या कीं नाहीं हें तेच ठरवीत. पुढें तपासणीचें रीतसर टिपण तयार झालें. ज्यास ब्राउझरमध्यें नवी नोंद घ्यावयाची असेल, त्यानें कांहीं प्रश्नांचीं लेखी उत्तरें द्यावयाचीं. या माहितीवरून कोणत्या प्रश्नाचें उत्तर मिळावयाचें आहे? तें मिळण्याची गरज काय? माहिती न घेतां तें मिळविण्याचे दुसरे कोणते उपाय पाहिले? आज जवळ असलेल्या माहितींतून तें निघत नाहीं काय? किती दिवस नोंद घेणार? कोणत्या लोकांची? ज्यास नको असेल त्यानें बाहेर कसें पडावें? हीं उत्तरें एक नेमलेला परीक्षक वाचतो. माहितीच्या चार पायऱ्या केल्या आहेत: यंत्रासंबंधीची, ब्राउझरच्या वापरासंबंधीची, मनुष्यानें काय पाहिलें वा लिहिलें यासंबंधीची, आणि अत्यंत नाजूक. तिसऱ्या पायरीपासून पुढें एकट्या परीक्षकाचें मत पुरत नाहीं.

या प्रश्नांत सर्वांत मोलाचा आहे तो तिसरा. ‘दुसरा उपाय पाहिला काय?’ असें विचारतांच पुष्कळदां दिसून येतें, कीं पानाचा पत्ता न टिपतां केवळ पानांची संख्या टिपली तरी भागतें. उणीव शोधावयाची तर तीही उघड आहे. परीक्षक संस्थेच्याच पगारावरचा. घरचाच पंच न्यायी असूं शकतो, नाहीं असें नाहीं. पण पाहुण्या संघानें त्यावर विसंबून राहावें, ही अपेक्षा जरा मोठी आहे. जून २०२१ मध्यें मोझिलानें ‘रॅली’ हा उपक्रम काढला, त्यांत प्रिन्स्टनसारख्या विद्यापीठांतील अभ्यासक आले व पाहणीवर बाहेरचीही नजर राहूं लागली. तो अमेरिकेंतील लोकांपुरताच होता आणि २०२३ सालीं बंद झाला.

भारतांत २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं पुट्टस्वामी यांच्या खटल्यांत खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्यें डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले. संमति मागतांना द्यावयाची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींतील कोणत्याही भाषेंत मिळण्याची सोय त्यांत आहे. म्हणजे अनसिंगच्या माणसाला ती मराठींत मागतां येईल. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास, कांहीं अपवाद सोडून, मनाई आहे.

परंतु १७ व्या कलमांत एक वाट ठेवलेली आहे. संशोधन अथवा संख्याशास्त्र यांसाठीं लागणाऱ्या माहितीस हा कायदा लागूच होत नाहीं, मात्र दोन अटींवर. त्या माहितीवरून कोणा विशिष्ट व्यक्तीसंबंधीं निर्णय घ्यावयाचा नाहीं. आणि नियमांत दिलेले दंडक, म्हणजे कामापुरतीच माहिती घेणें, ती सुरक्षित ठेवणें इत्यादि, पाळावयाचे. संशोधनास मोकळीक हवी हें खरें. तथापि पहिल्या अटींत निर्णयाचा विचार आहे, ओळखीचा नाहीं. एओएलनें त्या वृद्ध स्त्रीसंबंधीं कोणताही निर्णय घेतला नव्हता. तिचे शोध तेवढे जगानें वाचले.

आणखी एक गोष्ट परदेशांत तयार झालेल्या प्रश्नावलींत सांपडत नाहीं. ‘कोणत्या लोकांची नोंद?’ असें तींत विचारतात, तेव्हां एका ब्राउझरमागें एक माणूस, असें गृहीत धरलेलें असतें. वऱ्हाडांतील पुष्कळ घरीं मोबाईल एकाचा नसतो. सकाळीं बाप त्यावर भाव पाहतो, दुपारीं आई माहेरच्या कुणाचें दुखणें विचारून औषध शोधते, रात्रीं नववींतली मुलगी त्याच पडद्यावर अभ्यास करते. पाहणीच्या दफ्तरीं या तिघांचा मिळून एक क्रमांक असतो, आणि संमतीचें बटण कोणी दाबलें हें त्यांत लिहिलेलें नसतें. शिरगणतीच्या कागदावर या तिघांना निदान तीन स्वतंत्र ओळी मिळतात.