राइसची सनद आणि गिल्डा बाराबिनो

अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाची १८९१ ची सनद म्हणत होती, शिक्षण गोऱ्यांसाठीच. ती अट काढायला विश्वस्तांनाच कोर्टात जावं लागलं. १९६४ मध्ये निकाल लागला. त्याच राइसमधून कृष्णवर्णीय गिल्डा बाराबिनोंनी १९८६ साली केमिकल इंजिनिअरिंगची पीएच.डी. मिळवली. विषय सिकलसेल: विळ्यासारख्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला कशा चिकटतात. तिकडे हा आजार मुख्यतः कृष्णवर्णीयांचा. आपल्याकडे झाबुआ-अलीराजपूरच्या आदिवासी फलियांतला. पुढे बाई बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापक, मग न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात डीन आणि २०२० मध्ये मॅसेच्युसेट्सच्या ऑलिन कॉलेजच्या अध्यक्ष झाल्या. पण ही कारकीर्द लिहायची तर सुरुवात त्या खुर्चीपासून नाही, कोर्टाच्या निकालापासूनच करायला हवी.