दिनविशेष : २१ जानेवारी

१९०४ : मोराव्हियातील ब्र्नो शहरात चेक संगीतकार लेओश यानाचेक यांच्या ‘येनूफा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात तो पोहोचायला मात्र १९१६ साल उजाडले. तेही तिथले ऑपेराप्रमुख कारेल कोवार्झोविच यांनी वाद्यमेळात फेरफार केल्यावरच. यानाचेक खिशात वही ठेवत. रस्त्यात, बाजारात कानावर पडणाऱ्या बोलण्याचे हेल ते स्वरलिपीत टिपून घेत. मृत्युशय्येवरच्या मुलीचे, ओल्गाचे, बोलणेही त्यांनी असेच उतरवले. ‘येनूफा’ तिच्याच स्मृतीला अर्पण आहे. यातली खेडूत माणसे गद्य गातात, तरी ती बोलत आहेत असेच वाटते. ऑपेराला बोलीचा कान दिला तो यानाचेक यांनी. वाद्यवृंद-संचालक चार्ल्स मॅकेरस यांनी १९८२मध्ये व्हिएन्नात केलेल्या ध्वनिमुद्रणात कोवार्झोविच यांचे फेरफार नाहीत. ऐकायचे तर तेच ऐका.