तळटीप : ‘इंजिन पुन्हा पेटले’

मूळ लेखकाने हे तीन शब्दांत आटोपले आहे, पण मोहिमेची खरी गोम इथेच आहे. पृथ्वीलगतच्या कक्षेत यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो. चंद्राची वाट धरायला त्यात आणखी ३ किलोमीटरहून थोडी जास्त भर लागते. अपोलोची सुमारे ४५ टनांची याने सॅटर्न-५ अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याने ढकलली. द्रव हायड्रोजन व ऑक्सिजन जाळणारे त्याचे एकच जे-२ इंजिन सुमारे सहा मिनिटे चाले. अमेरिकेच्या ‘नर्व्हा’ प्रकल्पातले इंजिन हायड्रोजन जाळत नसे, अणुभट्टीत तापवून झोताने बाहेर फेकी. तेवढ्याच वजनाच्या इंधनातून जवळपास दुप्पट काम मिळाले असते. जमिनीवरच्या चाचण्या चांगल्या झाल्या, तरी १९७३ मध्ये प्रकल्प बंद पडला. प्रस्तुत संपादकाला ही मोठी हानी वाटते. विजेवरची इंजिने इंधन फारच कमी खातात, पण त्यांचा रेटा अगदी क्षीण. २००३ मध्ये निघालेल्या युरोपच्या ‘स्मार्ट-१’ यानाला सुमारे ७ ग्रॅम वजनाइतकाच रेटा मिळे, चंद्राशी पोचायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागला. माणसांना अशा संथ वाटेने पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सर्गाच्या पट्ट्यांतून नेता येत नाही. मालाला मात्र हीच वाट परवडते.