मराठी जीभ, उर्दू बोलपट

बीडमधून निघालात तेव्हा खिशात निजामाची हाली शिक्क्याची नाणी होती. १९३१चा मार्च. आष्टीपलीकडे निजामाची हद्द संपताना जकात घेणाऱ्या करोडगिरीवाल्यांनी तुमचं गाठोडं सोडायला लावलं. नगरात नाणी मोडून इंग्रजी कलदार रुपये घेतलेत आणि दौंडवरून रेल्वेनं मुंबई गाठलीत.

आज १४ तारीख. गिरगावातल्या मॅजेस्टिकपुढे एवढी रेटारेटी आहे, की पोलीस आलेत. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना चाललंय. तुम्ही घासाघीस न करता पैसे मोजता, कारण पुढचा काळ तुम्हाला दिसतो आणि ‘आलम आरा’ या उर्दू बोलपटाची एकही प्रत आमच्यापर्यंत पोचलेली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

दिवे मालवतात. पडदा बोलू लागतो तसं सगळं थिएटर पुढं झुकतं. मागून खरखर येते. स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, म्हणून दिग्दर्शक अर्देशिर इराणींनी रात्री एक ते चार या वेळात, मायक्रोफोन लपवून चित्रण उरकलं. डब्यांची धडधड थांबली, की नटांनी बोलायचं.

आणि हा मास्टर विठ्ठल! हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स. मूकपटांत त्याची तलवार पाहायला गर्दी लोटायची. ‘शारदा’ फिल्म कंपनीनं करारावरून त्याला कोर्टात खेचलं, तेव्हा बॅरिस्टर जिनांनी त्याची बाजू लढवून खटला जिंकला. आता तो पडद्यावर आहे, पण बराचसा वेळ भारल्यासारखा, अर्धवट शुद्धीत. सांगतात, की त्याचे उर्दू उच्चार भूमिकेला पेलेनात, म्हणून त्याचं बोलणंच कमी ठेवलं.

तुम्हाला हे इतर कुणाहून जास्त कळतं. घरात मराठी बोलून तुम्ही निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलात. ‘क़ाफ’ हे अक्षर घशातून निघेना म्हणून मास्तरांनी किती वेळा उभं केलं होतं! पडद्यावरची भाषा तुम्हाला अडत नाही. अडतो तो तिथला मराठी माणूस. लहानपणी राजापूरकर नाटक मंडळीत रंगमंचावर उभा राहिलेला हा पोरगा मुका कधीच नव्हता. जीभ त्याला होती; ती मराठी होती. मला यात त्याचा दोष दिसत नाही. मूकपटात भाषा कुणी विचारलीच नव्हती. बेळगावला आणि लाहोरला तीच एक तलवार पुरत होती.

दोन वर्षांनी तो ‘औट घटकेचा राजा’ हा मराठी बोलपट दिग्दर्शित करील आणि त्यात नगरच्या शाहू मोडकांना दुहेरी भूमिका देईल. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला हे सांगावंसं वाटतं. पण तो ओठ किंचित उघडे ठेवून वाट पाहतोय, विठ्ठल आता बोलेल म्हणून. तुम्हीही गप्प राहून कान टवकारता.