जरठ-कुमारी विवाह, परगावचा मांडव आणि मराठी कथात्म वाङ्मय

मराठी वाङ्मयात वयाने फार अंतर असलेल्या वधूवरांची कथा ही प्रथमतः प्रेमकथा म्हणून अवतरली नाही. ती तक्रार म्हणून अवतरली. पाश्चात्य कादंबरीत प्रौढ नायक आणि तरुण नायिका यांचा अनुराग हा दीर्घकाळ रंजनाचा विषय राहिला. महाराष्ट्रात मात्र या विषयाला 'जरठ-कुमारी विवाह' असे भारदस्त नाव मिळाले, आणि नावातच निषेध सामावला. या निषेधाचे स्वरूप कसकसे बदलत गेले, आणि ज्या प्रश्नाला हात घालावयाचा तो प्रश्न टाळून लेखकांनी किती वेळा आडवाट धरली, याचा शोध सोलापूर जिल्ह्याच्या निमित्ताने घेण्याजोगा आहे.

सोलापुरात दरवर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास श्रीसिद्धरामेश्वरांचा जो विवाहसोहळा होतो, त्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा प्रकट केली. विरक्त योग्याने आपल्या योगदंडाशी तिला विवाह करण्याची अनुज्ञा दिली. त्या योगदंडाचे प्रतीक म्हणून नंदीध्वज मिरवत आणले जातात, आणि हजारोंचा समुदाय ज्या स्थळी अक्षता टाकतो त्या स्थळाचे नाव 'संमती कट्टा' असे आहे. विवाह देवळाच्या गाभाऱ्यात नव्हे, घरच्या मांडवातही नव्हे, तर तलावाकाठी सर्वांच्या देखत. आणि त्याच्या आरंभी संमतीचे वाचन. आख्यायिकेतील मागणी वधूची आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. लोकश्रद्धेने जे वधूला सहज दिले ते प्रत्यक्ष समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दिले नव्हते. १८९१ साली ज्या विधेयकाने महाराष्ट्र ढवळून निघाला त्याला मराठीत 'संमतिवयाचा कायदा' म्हणत. परंतु त्या कायद्यातील संमतीचा विवाहाशी संबंधच नव्हता. शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहावरून बारावर नेणे एवढेच त्याचे कार्य होते. मुलीने वराला होकार द्यावा की नाही, हा प्रश्न ना सुधारकांच्या मसुद्यात होता, ना त्यांच्या विरोधकांच्या व्याख्यानांत.

परगावच्या लग्नाचा प्रकार याच संदर्भात समजून घ्यावा लागतो. सधन वृद्ध वर, निर्धन वधूपिता आणि मधला मध्यस्थ यांच्या व्यवहारात मुलीचे गाव ही अडचणीची जागा असे. शेजारणी विचारणार, आजोळची माणसे आडवी येणार, तरुण मंडळी कुचेष्टा करणार. लग्न वराच्या गावी अथवा एखाद्या तीर्थाच्या ठिकाणी उरकले की बोभाटा होण्यापूर्वी सप्तपदी पार पडे, आणि सप्तपदीनंतर शास्त्र वराच्या बाजूचे होई. आज दूरच्या रम्य स्थळी लग्न करणे हे वैभवाचे लक्षण समजले जाते. त्या काळी अशा लग्नात दूरत्व हे लपविण्याचे साधन होते. आगगाडीनेही या कामी नकळत साह्य केले असावे. १८६० मध्ये लोहमार्ग सोलापूरपर्यंत आला आणि एका रात्रीत मुलगी परक्या जिल्ह्यात नेणे शक्य झाले.

अशा विवाहांचा परिणाम कोठे साचत होता हे पाहावयाचे तर पंढरपूरकडे वळावे. वृद्ध पती लवकर मरे. त्याच्यामागे उरे ती वीसबावीस वर्षांची विधवा. यात्रेच्या गर्दीत ओळख लपते, म्हणून अडचणीत सापडलेल्या विधवा पंढरीची वाट धरीत. तेथे टाकून दिलेली अर्भके सापडू लागली, तेव्हा पंढरपूरचे न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये बालहत्याप्रतिबंधाची संस्था निघाली आणि प्रार्थनासमाजाने तिचा भार वाहिला. महात्मा फुले यांनी पुण्यात असेच गृह १८६३ मध्येच उघडले होते. विवाहाच्या मांडवात जे झाकले गेले ते चंद्रभागेच्या वाळवंटात उघडे पडत होते, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

या विषयाला वाङ्मयात खरे बळ दिले ते गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' या १८९९ मधील नाटकाने. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यापूर्वी 'करमणूक' पत्रातून येऊन गेली होती. परंतु तिचा रोख बालविवाह आणि वैधव्य यांवर होता. देवलांनी मात्र वृद्ध भुजंगनाथ, द्रव्यलोभी कांचनभट आणि दलाल भद्रेश्वर दीक्षित अशी त्रयी उभी करून सगळा व्यवहार रंगमंचावर आणला. नाटक लोकांना इतके भावले की मुलीच्या बापाला 'कांचनभट' म्हणणे ही शिवी झाली. पुढे बालगंधर्वांनी शारदेची भूमिका गाजविली.

तथापि या नाटकातील एक गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून बहुधा निसटते. भुजंगनाथाचे लग्न मोडते ते त्याच्या वयामुळे नव्हे. कोदंड भर मांडवात जो आक्षेप घेतो तो वधूवर सगोत्र असल्याचा. वराचे दात पडलेले आहेत, वधू रडते आहे, हे सर्वांना दिसत असते. पण लग्न थांबविण्याचे सामर्थ्य अश्रूंत नाही, गोत्रात आहे. देवलांची ही केवळ नाट्ययुक्ती नव्हे. त्या काळच्या महाराष्ट्रात वृद्धाचे लग्न अडविणारे दुसरे कोणतेही शस्त्र कोदंडाच्या हाती नव्हते. म्हैसूर संस्थानात असते तर असते: तेथील १८९४ च्या नियमाने पन्नाशी उलटलेल्या पुरुषाला चौदा वर्षांखालील मुलीशी विवाह करण्यास बंदी केली होती. इंग्रजी मुलखात असा निर्बंध नव्हता. १९२९ च्या सारडा कायद्याने वधूचे वय चौदा आणि वराचे अठरा ठरविले, परंतु दोहोंतील अंतराविषयी मौन पाळले. उलट ज्या सगोत्रत्वाने शारदा वाचली ते विवाहाला बाधक न राहण्याची तरतूद १९४६ मध्ये झाली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पाहता कोदंडाचे एकमेव शस्त्र पुढे बोथट झाले आणि भुजंगनाथाचे वय कायद्याला कधीच खटकले नाही. (पंडिता रमाबाईंचे १८८९ चे शारदासदन, देवलांची शारदा आणि हरबिलास सारडा यांचा कायदा या तीन नावांचा मेळ हा निव्वळ योगायोग, पण स्मरणास सोयीचा.)

प्रत्यक्ष जीवनातील एक विवाह या चर्चेत टाळता येत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ चा. त्यांच्या द्वितीय पत्नी रमाबाई यांचा १८६२ चा. प्रथम पत्नी निवर्तल्यावर दोनच महिन्यांत, डिसेंबर १८७३ मध्ये, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून रानडे यांनी देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांच्या या अकरा वर्षांच्या मुलीशी पुण्यात विवाह केला. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने कुमारिकेशी लग्न लावावे, याचा उपहास त्यांना जन्मभर सहन करावा लागला, आणि तो अगदीच अन्याय्य होता असे नाही. परंतु या विवाहाचा वृत्तांत वधूच्या बाजूने लिहिला गेला, हे त्याचे वेगळेपण. रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. अक्षरओळखीपासून इंग्रजी शिक्षणापर्यंतचा प्रवास, घरातील स्त्रियांचा जाच, पतीच्या मौनाचा धाक आणि त्या धाकातून हळूहळू फुलत गेलेला स्नेह यांचे जे चित्र त्यात आहे, ते वयातील अंतराच्या प्रेमकथेचे मराठीतील पहिले विश्वसनीय चित्र मानावे लागेल. त्या स्नेहात गुरुशिष्यभावाचा अंश किती आणि अनुरागाचा किती, हे लेखिकेने वेगळे काढून दाखविलेले नाही. रानडे १९०१ मध्ये वारले. रमाबाई त्यानंतर तेवीस वर्षे जगल्या. पुण्यास १९०९ मध्ये त्यांनी जे सेवासदन उभारले त्याची शाखा पुढे सोलापुरातही निघाली.

वैवाहिक संमतीचा प्रश्न सरळ विचारला तो नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीने, आणि तो घरोघर पोचविला तिच्यावर आधारलेल्या 'कुंकू' या चित्रपटाने. प्रभातचा हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी १९३७ मध्ये दिग्दर्शित केला. 'दुनिया न माने' ही त्याची हिंदी आवृत्ती. मामाच्या कपटाने नीरा वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधली जाते. शारदा मांडवात सुटते. नीरा मांडवात सापडते आणि तेथून कथा सुरू होते. ती पळत नाही, जीवही देत नाही. ती या माणसाला पती मानावयास नकार देऊन त्याच्याच घरात राहते. पन्नास वर्षांपूर्वी रखमाबाईंनी न्यायालयात जे म्हटले होते, की अजाणतेपणी लागलेले लग्न आपणास बांधीत नाही, तेच शांता आपटे यांची नीरा स्वयंपाकघरात म्हणते. केशवराव दाते यांनी रंगविलेला वकील हा भुजंगनाथासारखा हास्यास्पद नाही; त्याला आपला अपराध उमगतो, आणि हीच कथेची खरी उंची आहे.

शेवट मात्र वकिलाच्या आत्महत्येने होतो. हा शेवट भावुक वाटला तरी त्याला कारण आहे. मुंबई इलाख्यात, आणि म्हणून सोलापुरातही, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीला १९३७ मध्ये घटस्फोटाची वाट उपलब्ध नव्हती. बडोदे संस्थानाने ती १९३१ मध्ये मोकळी केली होती. मुंबई प्रांतात त्यासाठी १९४७ उजाडावे लागले. नीरेला मोकळे करण्यासाठी लेखकाच्या हाती मृत्यूशिवाय दुसरे साधन उरले नाही, जसे देवलांच्या हाती गोत्राशिवाय नव्हते.

याच दशकात विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांनी 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) आणि 'हिंदोळ्यावर' (१९३४) या पुस्तकांतून शिकलेल्या स्त्रीची बाजू तिच्याच तोंडून मांडली. येथे वृद्ध वर हा खलनायक उरत नाही. वराची वाट पाहण्यात वय निघून चाललेली कुमारी हीच कथेचा विषय होते. सोलापूरला तारेच्या कुंपणातील वसाहतीत काम करताना याच लेखिकेने जे पाहिले त्यातून 'बळी' (१९५०) ही कादंबरी निघाली. पांढरपेशा मांडवाबाहेरच्या स्त्रियांची लग्ने कोणाच्या संमतीने लागतात, याची विचारपूस मराठी कादंबरीने करावयास इतका काळ लागला.