तिकोनी काच

"ही गाडी कान दाबते," असे आमची आई म्हणाली तेव्हा गाडीतले आम्ही सगळे हसलो. हसायला नको होते, हे पुढे कळले. पण तोवर बराच उशीर झाला होता.

गोष्ट गेल्या दिवाळीतली. मामांचे वय झाल्यापासून भाऊबीजेला ते कुर्ल्याला येत नाहीत, ओवाळायला आईच पुण्याला जाते. आईचे स्वत:चे वय ब्याऐंशी. चिरंजीवांनी नवी मोटार घेतलेली, तेव्हा आगगाडीची दगदग नको म्हणून त्याच गाडीने निघालो. दारे अशी लागतात की जणू तिजोरीच बंद झाली! काचा वर केल्या की रस्त्यावरचा गोंगाट एकदम थांबतो. चिरंजीवांना त्या शांततेचा कोण अभिमान! पण पनवेल येईतो आईने कानांवर हात ठेवले. "काच उघड रे," ती म्हणाली. नातवाने तिच्या बाजूची मागची काच उघडली. गाडी भरधाव चाललेली. उघडल्याबरोबर आत 'भप् भप् भप् भप्' असे काहीतरी सुरू झाले, आणि हेलिकॉप्टर डोक्यावर आल्यासारखे सर्वांचेच कान फडफडू लागले. काच पुन्हा वर गेली. "आजी, बंद ठेवली तरी त्रास, उघडली तरी त्रास. मग करू तरी काय?" असे तो म्हणाला, आणि आम्ही हसलो तो हा क्षण.

घाटात आईच्या कानांना दडे बसले. लोणावळ्याला तिला घेरी आली. मामांना ओवाळून परत येताना ती एक अक्षर बोलली नाही, आणि घरी आल्यावर म्हणाली, "आता पुढल्या वर्षी मी नाही हो यायची." मामा नव्वदीला टेकलेले. पुढल्या वर्षी नाही म्हणजे काय, हे घरात सर्वांना समजले.

या 'कान दाबण्या'चा शोध घ्यायचा असे मी तेव्हाच ठरवले, आणि शोध घेता घेता पुन्हा आमच्या कुर्ल्यातच येऊन पोचलो.

मोटारीत बसून कानाला दडा बसावा ही तक्रार मुळात जुनी नव्हे, कारण पूर्वीच्या मोटारीला 'आत' असा नव्हताच. १८९८ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या, त्या घोड्यावाचूनच्या बग्ग्याच होत्या. वर फार तर कापडी टप. वारा, धूळ, पाऊस, इंजिनाचा खडखडाट सगळे अंगावर घ्यायचे. अमेरिकेतही १९१९ साली दहांतली जेमतेम एक मोटार बंद डब्याची असे. पत्र्याचे डबे स्वस्तात घडवता येऊ लागले, आणि १९२७ पर्यंत दहांतल्या आठांहून अधिक मोटारी बंद झाल्या. माणूस पावसापासून वाचला, पण त्याच वेळी पत्र्याच्या पेटीत सापडला. आता या पेटीत हवा कशी आणायची, नि मुख्य म्हणजे ती बाहेर कशी घालवायची, हा नवा प्रश्न उभा राहिला.

त्यावर एक छान तोड निघाली. १९३३ साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढच्या खिडकीचा एक तुकडा वेगळा करून, उभ्या खिळीवर फिरेल असा बसवला. ही काच किंचित तिरकी केली की तिची मागली कड बाहेर येते, तिच्यावरून वारा वेगाने सरकतो, तिथे दाब कमी होतो आणि आतली कोंदट हवा आपोआप बाहेर ओढली जाते. तीच काच पुरती फिरवली की सूप धरल्यासारखी बाहेरची हवा आत घेते. ना पंखा, ना वीज, ना बटण!

वाचकांपैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत, त्यांना ती काच आता डोळ्यांसमोर दिसली असेल. होय, तीच! फियाटची तिकोनी काच.

ही फियाट म्हणजे आम्हा कुर्लेकरांच्या घरचीच गाडी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. आज ज्याला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात, त्या जुन्या आग्रा रोडवर हा कारखाना होता. प्रारंभी तेथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवीत. मग इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि १९५४ पासून फियाट ११०० येथे होऊ लागली. लोकांनी तिच्या गोलमटोल अंगामुळे तिला 'डुक्कर फियाट' म्हटले, पण त्यात रागापेक्षा लोभच अधिक होता. १९६४ साली ११०० डी आली. तीच पुढे 'प्रेसिडेंट', आणि १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' झाली. चार सिलिंडरांचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, आणि पुढच्या दोन्ही दारांना ती फिरती तिकोनी काच.

आमच्या वडिलांनी एक जुनी फियाट घेतली होती. तिच्यात शांतता नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिला जुन्या गाड्यांसारखा वेगळा सांगाडा नव्हता. पत्र्याचे अंग हाच सांगाडा. अशा गाडीला वजन कमी लागते, पण अंग ढोलकीसारखे घुमते. चढावर वडील दुसऱ्या गिअरवर आले की आतले संभाषण बंद पडे. तरीही त्या गाडीत कोणाचे कान दुखल्याचे मला आठवत नाही. आई पुढे डाव्या बाजूला बसे, आणि तिच्या हाताशी ती तिकोनी काच. वेग वाढला की ती काच जराशी मिटे, घाट आला की जराशी उघडे. कोणी शिकवले नव्हते. पदर न उडता वारा कसा घ्यावा, एवढाच तिचा हिशेब.

आता गेल्या दिवाळीच्या त्रासाकडे वळू. मला वाटले होते की त्रास एकच आहे. आमच्या शेजारी एक वयस्क गृहस्थ राहतात. त्यांनी कुर्ल्याच्या त्याच कारखान्यात गाड्यांची दारे बसवण्यात हयात घालवली. त्यांना हकीकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "अहो, हे तीन निरनिराळे त्रास आहेत. तुम्ही तिन्हींची एकच मोट बांधलीत आणि ती वहिनींच्या डोक्यावर ठेवलीत."

पहिला त्रास घाटाचा. समुद्रकाठी हवेचा दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो. लोणावळा सव्वासहाशे मीटर उंच, तिथे तो ९४० च्या आसपास उतरतो. म्हणजे शेकडा सात कमी. कानाच्या पडद्यामागे थोडी हवा कोंडलेली असते, आणि तिथून घशापर्यंत एक बारीक नळी जाते. सोळाव्या शतकात इटलीच्या युस्टाकी नावाच्या वैद्याने तिचे नीट वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. आवंढा गिळला, जांभई दिली की ही नळी क्षणभर उघडते नि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. बैलगाडीला घाट चढायला निम्मा दिवस लागे, तेव्हा नळीला सवड मिळे. आता तोच चढ आपण काही मिनिटांत चढतो. त्यात सर्दी असली किंवा वय झाले असले, तर नळी आळसते. याला काचेचा उपाय नाही, कारण मोटार काही विमानासारखी हवाबंद नसते. काच लावा की उघडा, घाटातला दाब आत येतोच. उपाय तोंडाचा. लिमलेटची गोळी चघळावी, घोट घोट पाणी प्यावे, आणि उतरताना झोपू नये.

दुसरा त्रास त्या 'भप् भप्'चा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते, हे पोरांनाही ठाऊक आहे. हे घुमणे कसे होते, याची फोड जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने केली. १८६३ साली नादावरचा त्याचा मोठा ग्रंथ निघाला. मोटार ही बाटली, एकटी उघडी मागची खिडकी हे तिचे तोंड, आणि रस्त्यावरचा वारा ही फुंकर. बाटली लहान म्हणून तिचा सूर ऐकू येतो. मोटार एवढी मोठी की तिचा सूर सेकंदाला पंधरावीस हेलकाव्यांचा, म्हणजे कानाला सूर म्हणून उमगेल त्याच्याही खाली. तो ऐकू येत नाही, आदळतो. त्याची तीव्रता शंभर डेसिबलच्याही वर जाऊ शकते. म्हणजे आई ज्याला 'दाबते' म्हणाली, ते अक्षरश: दाबणेच होते.

तिसरा त्रास बंद काचांचा. दारांना जाड रबरी पट्ट्या आल्या, काचा घट्ट झाल्या. अशी गाडी दार आपटताच आतल्या हवेला दणका देते. कोंडलेली हवा जायला वाट हवी, म्हणून १९६४ सालीच इंग्लंडच्या फोर्ड कॉर्टिना गाडीत समोरून हवा घेऊन मागच्या खांबांतल्या झडपांतून ती बाहेर सोडण्याची सोय झाली. ही युक्ती सर्वत्र पसरली आणि तिकोनी काच निकामी ठरून मागे पडली. पण हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबून ठेवले, तर या वाटेवरून जाणार काय? शिवाय वरचे आवाज दाबले गेले तरी चाकांखालचा खोल, जाड घुमारा उरतोच. दुसरे काही ऐकू येत नसल्याने कानाला तोच दडा बसल्यासारखा वाटतो.

"वहिनींना पुढे बसवा," शेजारी म्हणाले, "बाहेरची हवा आत घ्या, आणि मागची काच उघडाल तेव्हा समोरचीही चार बोटे उघडा. बाटलीला दुसरे भोक पाडले की ती वाजत नाही." जाता जाता हेही म्हणाले, "दार लावताना एखादी काच थोडी खाली असू द्या. आम्ही नवे दार बसवून पाहताना तेच करीत असू."

श्रावणात एका रविवारी आम्ही प्रयोग केला. आईला नुसते पनवेलपर्यंत नेले. नातवाने मुद्दाम मागची काच उघडली. 'भप् भप्' सुरू झाले. मग समोरची चार बोटे उतरवली, आणि ते घुमणे दिवा मालवावा तसे थांबले. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजी, चुकलो." आईने उत्तर दिले नाही. तिचा हात समोरच्या दाराशी, जिथे तिकोनी काच असायची तिथे गेला होता, आणि तिथे काहीच न सापडल्याने परत मांडीवर आला.

कुर्ल्याचा तो कारखाना २००० सालच्या सुमारास थांबला. तिथे आता उंच इमारती आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि काळ्यापिवळ्या रांगेतून ती गेली. जुने ते सारे चांगले असे मी म्हणत नाही. त्या फियाटमध्ये घसा ताणून बोलावे लागे, आणि उन्हाळ्यात तिचा पत्रा तव्यासारखा तापे. नवी गाडी सुखाचीच आहे. पण तिच्यात काय उघडावे, किती उघडावे, हे ठरवणारा हात आता प्रवाशाचा उरला नाही, आणि म्हातारे माणूस तक्रार करू लागले की आपण तिला हट्ट समजतो.

यंदाच्या भाऊबीजेला आई पुण्याला निघाली आहे. पुढच्या डाव्या बैठकीवर तिची उशी ठेवली आहे, आणि लिमलेटच्या गोळ्यांची पुडी नातवाने स्वत: आणली आहे.