मागील बाकी

गांवच्या सामाईक गायरानांत ज्याचीं शंभर गुरें पिढ्यान्‌पिढ्या चरत आलीं, त्यानेंच एके दिवशीं चावडीवर येऊन ‘गवत संपत आलें, सबब उद्यांपासून प्रत्येकानें आपापलीं गुरें कमी करावीं’ असें म्हटलें, तर ज्याच्या दावणीला एकच गाय आहे त्यानें काय उत्तर द्यावें? १९९१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत शँटिली या गांवीं हवामानविषयक कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हां आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांतील राष्ट्रांपुढें हाच प्रश्न होता. कोळसा व खनिज तेल जाळल्यानें हवेंत जाणाऱ्या कर्बवायूचा कांहीं अंश शतकानुशतकें तेथेंच राहतो. मँचेस्टरच्या गिरण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत सोडलेल्या वायूचा शेष आजहि आपल्या माथ्यावर आहे. या वादांत इतिहासाला साक्षीदाराचें स्थान मिळालें तें यामुळेंच.

गरीब राष्ट्रांची बाजू त्यापूर्वींहि मांडली गेली होती. १९७२ च्या जूनमध्यें स्टॉकहोम येथें भरलेल्या परिषदेस यजमान स्वीडनचे ओलोफ पाल्मे सोडले तर पंतप्रधान म्हणून एकट्या इंदिरा गांधी उपस्थित होत्या. दारिद्र्याचा विचार टाळून प्रदूषणाचा विचार करतां येणार नाहीं, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. पण वीस वर्षांनीं वाद भाषणांवरून आंकड्यांवर आला. १९९० सालीं वॉशिंग्टनच्या ‘वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट’नें प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत भारत व चीन यांची गणना जगांतील मोठ्या दोषी राष्ट्रांत झाली. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरनमेंट’ या संस्थेच्या अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनीं पुढल्याच वर्षीं एक छोटेंसें पुस्तक काढून या गणिताची चिरफाड केली. समुद्र व अरण्यें दरसाल जो वायु शोषून घेतात, त्याचा लाभ या तक्त्यांत ज्यानें अधिक घाण केली त्याला अधिक, अशा प्रमाणांत वांटलेला होता! भातखाचरांतून निघणारा वायु आणि मोटारींतून निघणारा वायु एकाच मापानें मोजलेले होते. हवा ही माणशीं सारखी वांटावयाची ठेव आहे, हें या दोघांचें प्रतिपादन. आणि चंद्रशेखर दासगुप्त यांच्यासारख्या भारतीय मुत्सद्द्यांनीं वाटाघाटींत तेंच दरडोई समतेचें तत्त्व लावून धरलें.

करार ९ मे १९९२ रोजीं न्यूयॉर्क येथें संमत झाला व जूनमध्यें रिओ येथें सह्यांसाठीं खुला झाला. त्याच्या तिसऱ्या कलमांत ‘समाईक परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हा प्रसिद्ध शब्दप्रयोग आहे. मी तें कलम वर्गांत वाचावयास देतों, तेव्हां विद्यार्थी हर्षभरित होतात. आपला पक्ष जिंकला असें त्यांस वाटतें. मग मी त्यांस प्रस्तावना वाचावयास सांगतों. आजवरच्या वायूचा सर्वांत मोठा वांटा श्रीमंत राष्ट्रांचा आहे, ही वस्तुस्थिति प्रस्तावनेंत नमूद आहे. श्रीमंत राष्ट्रांनीं पुढाकार घ्यावा, हें कर्तव्य कलमांत आहे. परंतु या दोहोंस जोडणारें ‘म्हणून’ हें अव्यय साऱ्या करारांत कोठेंहि सांपडत नाहीं. कर्तव्य मान्य, कर्ज अमान्य! पुढील तीस वर्षांचा झगडा या गाळलेल्या शब्दासाठीं झाला, असें म्हणण्यास मला संकोच वाटत नाहीं.

गरिबांचा पक्ष एकजिनसी होता असें मात्र कोणी समजूं नये. त्यांत तेल विकणारीं राष्ट्रें होतीं आणि समुद्र चढल्यास नकाशावरून पुसलीं जातील अशीं बेटेंहि होतीं. १९९१ सालींच पॅसिफिकमधील वानुआतू या चिमुकल्या देशानें बेटांच्या संघाच्या वतीनें सुचविलें कीं, समुद्रामुळें होणाऱ्या हानीसाठीं श्रीमंतांनीं एक विमानिधि उभारावा. ती सूचना करारांत नुसत्या ‘विमा’ या शब्दाच्या उल्लेखापुरती उरली. १९९५ च्या वसंतांत बर्लिन येथें पहिली परिषद भरली, तेव्हां हे हितसंबंध उघड उघड आदळले. बेटांचें म्हणणें, श्रीमंतांनीं २००५ पर्यंत १९९० च्या मानानें पांचवा हिस्सा वायु कमी करावा. तेलवाल्यांना कपातीचें नांवहि नको. भारताच्या शिष्टमंडळानें, ज्याचे प्रमुख कमलनाथ होते, तेलराष्ट्रांना बाजूस ठेवून ७२ राष्ट्रांचा एक गट बांधला व श्रीमंतांनीं कपात करावी, गरिबांवर नवें बंधन नको, असा मसुदा पुढें केला. अध्यक्षपदीं जर्मनीच्या मंत्री अँगेला मेर्केल होत्या. बर्लिनच्या अंतिम आदेशांत नव्या बंधनाविरुद्धची ती अट कायम राहिली. आपल्या मुत्सद्देगिरीचा इतका सरस दिवस या प्रकरणांत पुन्हां क्वचितच उगवला.

पुढची हकीकत उताराची आहे. १९९७ सालीं क्योटो येथें श्रीमंतांनीं मिळून सुमारें पांच टक्के कपात कबूल केली. पण गरिबांनाहि त्याच मुदतींत बांधून घेतल्याखेरीज असल्या करारावर सही नको, असा ठराव अमेरिकेच्या सिनेटनें त्यापूर्वींच ९५ विरुद्ध शून्य मतांनीं करून ठेवला होता. २००९ सालीं कोपनहेगन येथें, २०२० पासून दरसाल १०० अब्ज डॉलर उभे करण्याचें वचन निघालें. श्रीमंतांच्याच हिशेबाप्रमाणें तें २०२२ सालीं पुरें झालें, तेंहि बव्हंशीं कर्जाऊ. ऋणकोनें देणें फेडावें आणि धनकोच्याच नांवें कर्ज मांडावें, ही वहीखात्याची रीत नवीच म्हणावयाची. २०१५ च्या पॅरिस करारानें जुन्या शब्दप्रयोगास ‘निरनिराळ्या राष्ट्रीय परिस्थितींच्या प्रकाशांत’ अशी शेंपटी लावली, आणि हानीच्या कलमावरून कोणासहि भरपाईचा दावा सांगतां येणार नाहीं, असें सोबतच्या ठरावांत लिहवून घेतलें.

येथें आपल्याकडेहि बोट दाखविणें प्राप्त आहे. चीनचें दरडोई प्रमाण आज युरोपीय संघाच्या वर गेलें आहे, तरी १९९२ च्या यादीप्रमाणें तो देश आमच्याच पंक्तींत बसतो. भारताचें प्रमाण जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनहि कमी. पण ही सरासरी खालीं कोणी ठेवली? मेळघाटांतील कोरकूनें आणि दुष्काळी माणदेशांतल्या शेतमजुरानें. माझ्या घरीं दोन वातानुकूल यंत्रें व एक मोटार आहे. दरडोई समतेचा युक्तिवाद मी ज्या तावातावानें वर्गांत मांडतों, त्या तावांत त्या मजुराच्या आड उभें राहण्याची सोय पुष्कळ आहे, हें मला अलीकडे जाणवूं लागलें आहे. युक्तिवाद त्यामुळें खोटा ठरत नाहीं. तो घराच्या उंबरठ्यावर थांबत नाहीं इतकेंच.

२०२४ च्या नोव्हेंबरांत बाकू येथें गरीब राष्ट्रांनीं दरसाल १३०० अब्ज डॉलर मागितले. २०३५ पर्यंत ३०० अब्जांची बोली झाली. अध्यक्षांचा हातोडा पडल्यानंतर भारताच्या प्रतिनिधीनें ती उघडपणें नाकारली, परंतु ठराव नोंदला गेला. दरम्यान वानुआतूची जुनी मागणी मेली नव्हती. हानीसाठीं निधि असावा हें तत्त्व २०२२ सालीं शर्म-अल-शेख येथें, म्हणजे एकतीस वर्षांनीं, मान्य झालें. आणि २३ जुलै २०२५ रोजीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें सल्ला दिला कीं, हवामानाविषयींचीं कर्तव्यें मोडणाऱ्या राष्ट्रावर भरपाईचीहि जबाबदारी येऊं शकते. हें प्रकरण न्यायालयापुढें नेण्यांतहि पुढाकार वानुआतूचाच होता. आणि त्याची मूळ कल्पना २०१९ सालीं तेथील कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांना वर्गांत सुचली होती.